फोंड्याच्या पावसात टिकेल असा डबल बेस

पत्र : नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. घरात भजनाची परंपरा आहे, माझे सासरे पेटी वाजवतात. मुलगी बारावीत आहे. तीन वर्षं बेस गिटार वाजवत होती, गेल्या वर्षापासून मडगावला एका सरांकडे डबल बेस, म्हणजे उभं राहून वाजवायचं व्हायोलिनच्या घराण्यातलं थोरलं वाद्य, शिकते. सरांच्या वाद्यावर आठवड्यातून दोनदा हात बसतो, पण घरी वाद्य नसल्यामुळे सराव होत नाही. आम्ही ९० हजार रुपये जमवले आहेत. बेंगळुरूचा एक विक्रेता इंटरनेटवर अख्ख्या लाकडाचा, हाताने कोरलेला नवा डबल बेस ८५ हजारांत देतो म्हणतोय, पण दहा हजार आगाऊ मागतोय. सर म्हणतात प्लायवूडचाच घ्या. सासरे म्हणतात, प्लायवूडचं कपाट करतात, वाद्य नव्हे. मला दोघांचाही मान राखायचा आहे. त्यात आमचं घर जुनं, कौलारू. पावसात भिंतींना ओल येते. काय करू? – एक आई, फोंडा

ताई,

आधी तातडीचं सांगतो. ते दहा हजार पाठवू नका. तो माणूस लबाड आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखत नाही. पण अख्ख्या लाकडातून कोरलेला नवा डबल बेस त्या किमतीत नीट होत नाही. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा मेपलच्या, आणि हे लाकूड कोरायला घेण्याआधी वर्षानुवर्षं सुकवत ठेवावं लागतं. पैसे त्या वर्षांचे असतात. स्वस्त कोरीव वाद्यात पहिली काटछाट तिथेच होते. लाकूड अर्धवट सुकलेलं असतं आणि पॉलिशखाली ते अजून हलत असतं. फोटोत रंग दिसतो, चकाकी दिसते. हे हलणं दिसत नाही.

आता सासऱ्यांचं म्हणणं. ते मला मनापासून समजतं, कारण मीही एके काळी तसाच विचार केला होता. ते भजनाला बसतात म्हणजे तंबोरा त्यांच्या हाताखालून गेलेला असणार. त्यांना विचारा, मिरजेहून आणलेला तंबोरा आहे, भोपळा मोठा आहे, नक्षी सुंदर आहे, पण जवारी, म्हणजे तारांचा झंकार, गेलेली आहे, तर तो बोलेल का? आणि कारागिराने घोडीचा माथा कानाने ऐकत ऐकत घासला की तोच तंबोरा खोली भरून टाकतो. डबल बेसमध्ये याला सेटअप म्हणतात. ब्रिजची, म्हणजे तारांखालच्या घोडीची, उंची आणि त्याच्या पायांची बैठक, पोटात उभा असलेला साउंडपोस्ट नावाचा लाकडी दांडा, फिंगरबोर्डची, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीची, घडण, तारांची निवड, एवढी कामं जमली की साधं वाद्यही गातं. ती जमली नसतील तर महागड्या वाद्यावरही पोरीची बोटं सोलवटतात आणि सहा महिन्यांत ते भिंतीला टेकून उभं राहतं. या वाद्याच्या चार तारा मिळून शंभर किलोहून जास्त ओढ धरतात. तार दोन-तीन मिलिमीटर उंच राहिली तर सतरा वर्षांच्या हाताला ते तासाभरात कळतं.

आणि प्लायवूड. बेसचं प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे, साच्यात दाबून कमानदार केलेले. यामागचं कारण फार महत्त्वाचं आहे. लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडव्या अंगाने दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. पापुद्रे उभे-आडवे चिकटवले की एक दुसऱ्याला धरून ठेवतो. अख्ख्या फळीला असं धरणारं कोणी नसतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तुमच्या घरात पापड सादळतात, मीठ पाझरतं, दार चौकटीत अडकतं, पेटीच्या पट्ट्या दाबल्या तर वर यायला कुरकुरतात. त्याच हवेत ती फळीही उभी असणार. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत ‘के’ कंपनीने प्लायवूडचे बेस मोठ्या संख्येने बनवले. जॅझ आणि ब्लूग्रासच्या वादकांनी त्यांच्यावर आयुष्यं काढली, आणि आजही लोक ते जुने ‘के’ शोधून विकत घेतात. हे सासऱ्यांना जरूर सांगा.

माझी गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या प्रश्नाशी जुळते. मी व्हायोलिनवरून डबल बेसकडे वळलो तेव्हा पंचविशीत होतो. मुंबईतल्या एकाकडून अख्ख्या लाकडाचा बेस मे महिन्यात घेतला, स्वस्तात मिळाला म्हणून आनंदाने. ऑगस्टमध्ये कडेचा जोड सुटला आणि ए तारेवर खर्रर्र असा आवाज येऊ लागला. तो मी सुताराकडून चिकटवून घेतला. ही माझी मोठी चूक. नोव्हेंबरपासून एका हॉटेलात रोज रात्री वाजवायला लागलो. तिथे एसी, घरी दमट, असं वाद्य रोज दोन हवामानांत जायचं. जानेवारीत साउंडपोस्टच्या बरोबर वर फळीला उभी चीर गेली. तिथली चीर दुरुस्त करायची तर वरची फळी उघडून आतून लाकडाचा ठिगळ बसवावा लागतो. खर्चाचा आकडा ऐकला तेव्हा तो मूळ किमतीहून मोठा होता. त्या वाद्याचा आवाज सुंदर होता, आजही कानात आहे. पण मी त्यावर एक वर्षसुद्धा धड वाजवू शकलो नाही.

सुताराची चूक काय होती तेही सांगून ठेवतो, उद्या कामी येईल. ही वाद्यं सरसाने जोडलेली असतात. सरस मुद्दाम लाकडापेक्षा कमजोर ठेवतात. लाकूड फुगलं-आकसलं की जोड सुटावा आणि फळी वाचावी यासाठी. सुटलेला जोड पुन्हा सरस लावून, शिकंजे लावून बसवतात, वाद्याला काही होत नाही. सुतारी पांढरा गोंद पक्का बसतो आणि पुढच्या वेळी जोडाऐवजी लाकूड फाटतं. तेव्हा कधी जोड सुटलाच तर वाद्य तसंच ठेवा, वाजवणं थांबवा आणि व्हायोलिन-चेलो दुरुस्त करणारा माणूस शोधा.

पैशांचं. तुमच्याकडे ९० हजार आहेत म्हणजे वाद्य ९० हजारांचं घ्यायचं असं नाही. निदान २५ हजार आजच वेगळे काढा आणि ते नाहीतच असं समजून वाद्य शोधा. बहुतेक नवे स्वस्त बेस पेटीतून निघतात तेव्हा वाजवण्याच्या स्थितीत नसतात. ब्रिज जाड आणि उंच, खाचा कच्च्या, तारा नावापुरत्या. चांगल्या तारांचा एक संच पाच आकड्यांत जातो. कारागिराची मजुरी, गज, गजाच्या केसांना लावायची राळ, जाड अस्तराची पिशवी हे सगळं त्या २५ हजारांतून. जुनं वाद्य गज आणि पिशवीसकट मिळालं आणि सेटअप आधीच नीट असला तर ते पैसे तसेच राहू द्या. दोन वर्षांनी तारा बदलायच्या असतातच. दुकानातून नवं घेतलं तर सेटअप करूनच द्याल ना, एवढा एक प्रश्न विचारा. उत्तर चाचरत आलं तर किंमत कितीही कमी असली तरी पुढे चला.

वरची फळी अख्खी आणि पाठ-कडा प्लायवूडच्या असाही एक मधला प्रकार असतो. आवाज जास्त मोकळा असतो. भिंतींना ओल न येणारं घर असतं तर मी तोही विचार करायला सांगितलं असतं. तुमच्या घरासाठी सरांचंच बरोबर आहे, पूर्ण प्लायवूड.

आकाराबद्दल एक गैरसमज नेहमी होतो. दुकानदार ‘थ्री-फोर्थ’ म्हणाला की आईबापांना वाटतं हे लहान मुलांचं वाद्य. तसं नाही. मोठी माणसंही बहुतेक करून पाऊणच वाजवतात. त्याच्या तारेची वाजती लांबी साधारण ४१ ते ४२ इंच असते. मुलीच्या बेस गिटारची बहुधा ३४ इंच असेल. दोन्हींच्या तारा ई, ए, डी, जी अशाच लागतात, म्हणून सूर कुठे आहेत हे तिला ठाऊक आहे, पण इथे गिटारसारखे मानेवरचे धातूचे पडदे नाहीत आणि बोटांमधलं अंतर ताणलेलं आहे. तिचा हात फारच लहान असेल तर अर्ध्या आकाराचं वाद्य असतं, पण ते सरांनी तिचा हात बघून ठरवावं, तुम्ही-आम्ही नाही. गजाचंही तसंच. फ्रेंच गज वरून धरतात, जर्मन खालून. सर जो शिकवतात तोच घ्या. काचतंतूचा साधा गज सुरुवातीला पुरतो. बेसची राळ व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ असते, ती वेगळीच घ्यावी लागते आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत राहिली तर वितळून डबीभर पसरते.

शोधायचं कुठे? पहिलं दार सरांचं. बेस वाजवणारी माणसं गोव्यात थोडी आहेत आणि एकमेकांना ओळखतात. कोण परदेशी चाललंय, कोणाचं वाद्य पडून आहे, हे त्यांना जाहिरातीआधी कळतं. पणजीत कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात चौकशी करा. पणजी-मडगावच्या वाद्यांच्या दुकानांत मागवून देतात का विचारा, पण मागवलेलं वाद्य पसंत न पडल्यास परत घेतील का हेही तेव्हाच ठरवून घ्या. मुंबईत ओळख असेल तर तिथेही शब्द टाकून ठेवा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत आपल्या गोव्याच्या वादकांनी दशकानुदशकं वाजवलंय आणि त्या घरांत वाद्यं आहेत. विकत घेण्याआधी दोन-तीन महिने भाड्याने मिळत असेल तर आनंदाने घ्या. त्या काळात मुलगी रोज किती वेळ उभी राहते ते तुम्हालाही कळेल.

एक मोह मात्र आधीच सांगून ठेवतो. पोर्तुगीजमध्ये व्हायोलिनला रबेका आणि या थोरल्या वाद्याला रबेकांव म्हणत. चर्चच्या गायनवृंदात आणि मांडो या कोंकणी गाण्याच्या साथीला व्हायोलिन आणि घुमट या मातीच्या तालवाद्याबरोबर ते असायचं. साष्टीतल्या, बार्देशातल्या एखाद्या जुन्या घरात जिन्याखाली असा रबेकांव अजून सापडतो, घरची माणसं प्रेमाने दाखवतात, कधी अगदी थोड्या पैशांत देऊ करतात. माझाही जीव अशा वाद्यात अडकतो. पण पहिलं वाद्य म्हणून ते घेऊ नका. पंचवीस-तीस पावसाळे जिन्याखाली काढलेल्या लाकडात भुंगा असतो, मान ढिली असते, जोड सुटलेले असतात. ते उभं करायला जाणकार कारागीर, पैसा आणि वर्ष-दोन वर्षं लागतात. तुमच्या लेकीला सोमवारपासून सराव करायचा आहे.

बघायला जाल तेव्हा घाई करू नका. निदान दीड तास लागेल असं आधीच सांगून जा. विजेरी न्या. एफ आकाराच्या खाचेतून आत उजेड टाका. साउंडपोस्ट सरळ उभा हवा, त्याच्या आसपास चीर नको, कुठे भुकटी सांडलेली नको. मग बोटाच्या सांध्याने कडेकडेने सगळीकडे हलकेच टकटक करा. सुटलेल्या जोडापाशी आवाज भसकन बदलतो, तो तुम्हालाही ओळखू येईल, त्याला वादक असावं लागत नाही. मान जिथे अंगाला मिळते तिथे आणि वरच्या गुंडाळीच्या मुळाशी जुन्या मोडीची रेघ शोधा. मोडलेली मान नीट जोडलेली असेल तर चालते, पण किंमत उतरलीच पाहिजे. ब्रिजच्या पायाखाली कागदाचा तुकडा सरकवून बघा, तो आत जाता कामा नये. फिंगरबोर्डला वरच्या टोकाकडून डोळा लावून बघा, अगदी किंचित खोलगट वाक असावा, लाटा नसाव्यात. आणि फिंगरबोर्ड खरंच शिसवासारख्या कठीण लाकडाचा आहे की मऊ लाकडाला काळा रंग दिलाय, हे कडेला खरवडलेल्या जागी दिसतं. मऊ असेल तर पोलादी तारा वर्षा-दोन वर्षांत त्यात चर पाडतात.

तारांची उंची फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाशी पट्टीने मोजा. जी तारेखाली पाच-सहा मिलिमीटर आणि ई तारेखाली आठ-नऊ असेल तर शिकणाऱ्या हाताला सोसतं. बाराच्या वर गेलं तर आधी कारागीर, मग व्यवहार. ब्रिजच्या पायांत वर-खाली करायची चाकं आहेत का तेही बघा. आपल्या हवेत ती असलीच पाहिजेत असं मी म्हणेन, कारण पावसात फळी फुगून तारा वर येतात आणि दिवाळीनंतर खाली उतरतात. चाकं असली तर सर दोन मिनिटांत उंची जुळवून देतात.

मग मुलीला वाजवू द्या. प्रत्येक तारेवर एकेक अर्धा सूर सावकाश, खालपासून वरपर्यंत, आधी बोटाने, मग गजाने. कुठे आवाज मरतो, कुठे गुरगुरतो, कुठे काही थरथरतं, ते तिने सांगावं. जी तारेवर मानेच्या बुंध्याशी अंगठा टेकला की पहिल्या बोटाखाली डी येतो की ई फ्लॅट, हे सरांनी बघावं. बेसमध्ये हे दोन घाट असतात, आणि तिचा हात ज्या घाटावर बसलाय तोच बरा.

आणि इथे मला तुमचे सासरे हवे आहेत. या वाद्याची मोकळी ई तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. इतका खालचा सूर वाजवणाऱ्याला अंगात जाणवतो, पण तो समोर कसा पोचतो ते त्याला नीट कळत नाही. दहा-बारा पावलांवर बसून ऐकणारा एक चांगला कान लागतो. त्यांना खुर्ची द्या, डोळे मिटून बसू द्या. शक्य असेल तर सरांचं वाद्य आणि नवं वाद्य दोन्ही ऐकवा आणि कोणतं प्लायवूडचं हे सांगू नका. सूर गोल येतोय की पोकळ, घुमून विरतोय की तुटतोय, हे आयुष्यभर भजनात बसलेला माणूस बरोबर सांगेल. लाकूड सरांनी निवडावं, आवाज आजोबांनी. दोघांचाही मान राहील, आणि खरं सांगायचं तर निवडही जास्त चांगली होईल.

वाद्य बाहेरगावाहून येणार असेल तर कुरिअरचा हिशोब आधी करा. विमानाने माल पाठवताना बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि त्या वजनाचे पैसे घेतात. बेसची पेटी २०० बाय ७५ बाय ६० धरली तर दहा किलोच्या वाद्याचं बिल १८० किलोचं लागतं. त्यापेक्षा मागची सीट पाडता येईल अशी गाडी घेऊन जा. वाद्य पाठीवर किंवा पोटावर झोपवू नका. कुशीवर ठेवा, मान पुढच्या सीटच्या बाजूला, खाली गोधडी. तारा थोड्या सैल केल्या तर चालेल, पण चारही एकदम उतरवू नका. साउंडपोस्ट चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबावरच उभा असतो, दाब गेला की आडवा पडतो. तारा बदलतानाही एक काढली, एक चढवली, मगच पुढची.

घरी ते बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आतल्या भिंतीपासूनही हातभर अंतर ठेवा. खालच्या टोकाला रबर असू द्या, नाहीतर गुळगुळीत जमिनीवर घसरतं. एक जुना पाट खाली घेतला तर सगळ्यात उत्तम, ओलही वर येत नाही. पावसात पिशवीत कोंडून ठेवू नका, पिशवीला बुरशी धरते आणि तीच वाद्याला लागते. पंख्याची वाहती हवा चालेल. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, आपल्या खाऱ्या दमट हवेत पोलाद लवकर गंजतं. चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची गडबड, पाहुणे, मुलांची धावपळ सुरू झाली की ते आतल्या खोलीत कुशीवर निजवा आणि पुढे एक खुर्ची आडवी ठेवा.

अजून पाऊस सरलेला नाही, आणि जुनं वाद्य बघायला हाच काळ चांगला. मेमध्ये लपलेला जोड आता लपत नाही. सरांना या रविवारी वेळ आहे का विचारा, सासऱ्यांना बरोबर घ्या, आणि विजेरीत नवे सेल घाला.